चुकामूक

चुकामूक हा आपला घरगुती शब्द. दोघं एकमेकांकडेच निघालेले असतात, वाटा हाकेच्या अंतरावरून जातात, आणि भेट मात्र होत नाही. भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात ती हमखास होते. एक जण कपड्यांच्या ढिगापाशी रेंगाळतो, दुसरा भाजीकडे वळतो, आणि मग अर्धा तास दोघं एकमेकांना शोधत फिरतात. मार्टिन बूबर या ज्यू धर्मचिंतकाच्या आयुष्यात अशा चुकामुकी फार झाल्या आणि त्या फार मोठ्या होत्या. जर्मन भाषेत त्यांच्यासाठी शब्द मिळेना, तेव्हा बूबर यांनी तो स्वतः घडवला. ‘बेगेग्नुंग’ म्हणजे भेट. तिचा उपसर्ग बदलून त्यांनी ‘फेरगेग्नुंग’ केलं. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरजच नाही.

बूबर यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८७८ रोजी व्हिएन्नात झाला. मार्टिन तीन वर्षांचा असताना आईवडिलांचा संसार मोडला, आई घर सोडून गेली. मुलाला लेंबर्गला आजी-आजोबांकडे पाठवण्यात आलं. आज ते शहर युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव म्हणतात. मोठ्या घराच्या सज्जात एके दिवशी त्याच्याहून थोडी मोठी शेजारची मुलगी त्याच्याजवळ उभी होती. आईचा विषय निघाला. ती सहज म्हणाली, तुझी आई आता कधीच परत येणार नाही. मुलगा काही बोलला नाही. पण ते वाक्य त्याच्यात राहिलं. कित्येक वर्षांनी, स्वतःची बायकामुलं झाल्यावर, आई त्यांना भेटायला आली. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाहताना बूबर यांना ‘फेरगेग्नुंग’ हाच शब्द आठवला. समोरासमोर बसूनही चुकामूक होऊ शकते, हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळलं असावं. भेटीचं एवढं सखोल तत्त्वज्ञान सांगणारा माणूस अशा घरातून यावा, याचं मला नवल वाटत नाही. ज्याला पाणी मिळालं नाही, त्यालाच तहान नीट सांगता येते.

आजोबा सॉलोमन बूबर हे मिद्राश ग्रंथांचे, म्हणजे बायबलवरच्या जुन्या ज्यू भाष्यांचे, नावाजलेले संपादक होते. नातू हिब्रू, जर्मन, पोलिश अशा भाषांत वाढला. अकरा वर्षांचा असताना आजी-आजोबांच्या शेतावरच्या तबेल्यात तो एका ठिपकेदार करड्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवायला जाई. हाताखाली जे जिवंत हलत होतं ते आपण नव्हतो, आपल्यासारखंही नव्हतं, तरी आपल्याला जवळ येऊ देत होतं, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं. मग एकदा हात फिरवता फिरवता मुलाच्या मनात आलं की यात आपल्याला किती मजा येतेय. लक्ष घोड्यावरून उडून स्वतःच्या हातावर आलं. खेळ तसाच चालू राहिला, पण काहीतरी बदललं होतं. दुसऱ्या दिवशी चारा टाकल्यावर घोड्यानं मान वर केली नाही.

विदर्भातला आणि छत्तीसगडचाही शेतकरी ही गोष्ट ऐकून मान डोलावेल. इकडे पोळा आणि तिकडे पोरा, दोन्हीकडे बैलाच्या खांद्याला तेल लावणारा हात कसा असतो हे आपण पाहिलेलं आहे. बैलाला कोण आपल्याकडे पाहतोय आणि कोण नुसतं कौतुक करतोय, हे कळतं असं म्हातारी माणसं सांगतात. बूबर यांचं सगळं चिंतन त्या तबेल्यात बीजरूपानं आहे.

तरुणपणी त्यांनी व्हिएन्ना, लाइपझिग, झ्युरिक, बर्लिन इथे शिक्षण घेतलं. ते ज्यूंचं वेगळं राष्ट्र मागणाऱ्या झिओनिस्ट चळवळीत शिरले, पण तिचे नेते थिओडोर हर्झल यांच्या राजकीय घाईशी त्यांचं जमलं नाही. देशापेक्षा आधी संस्कृती जागी व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मग ते पूर्व युरोपातल्या हसिदी संतांकडे वळले. अठराव्या शतकातला बाल शेम तोव आणि त्याच्या परंपरेतले गुरू हे गरीब, अडाणी ज्यूंना सांगत होते की पोथीइतकाच नाच, गाणं, रोजचं काम हाही देवाकडे जाण्याचा रस्ता आहे. १९०६ आणि १९०८ मध्ये बूबर यांची हसिदी कथांची दोन पुस्तकं आली आणि सुशिक्षित युरोपनं ज्यांना मागासलेलं म्हणून बाजूला सारलं होतं, त्यांच्या गोष्टी दिवाणखान्यांत वाचल्या जाऊ लागल्या. पुढं गेर्शोम शोलेम या थोर अभ्यासकानं आक्षेप घेतला की बूबर यांनी कथा उचलल्या आणि त्यामागचं शास्त्र सोडून दिलं. आक्षेपात तथ्य आहे. बूबर यांचा पिंड इतिहासकाराचा नव्हता, ते आपल्या गरजेपुरतं वेचत होते.

दुसरी मोठी चुकामूक १९१४ च्या जुलैमधली. त्या काळात बूबर यांना गूढ अनुभवांची, समाधीसारख्या उत्कट क्षणांची ओढ होती. अशाच एका सकाळनंतर एक अनोळखी तरुण त्यांना भेटायला आला. बूबर त्याच्याशी आपुलकीनं, मोकळेपणानं बोलले. त्यानं विचारलं त्याची उत्तरंही दिली. पण त्यानं जे विचारलं नाही, ते त्यांनी ओळखलं नाही, कारण मन सकाळच्या उत्कटतेतच होतं. नंतर त्याच्या एका मित्राकडून कळलं की तो तरुण आता या जगात नाही, आणि त्या दिवशी तो गप्पा मारायला आलेला नव्हता. तो आयुष्याच्या एका निर्णयासाठी आला होता. बूबर यांनी त्यानंतर उत्कट क्षणांचा धर्म सोडला. रोजच्या जगण्यापासून वेगळा काढलेला, डोळे मिटून अनुभवायचा देव त्यांना नकोसा झाला. दारात आलेल्या माणसाला पूर्णपणे हजर असणं, एवढाच धर्म उरला.

‘इश उंड डू’, म्हणजे ‘मी आणि तू’, हे छोटं पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झालं, ते या वाटेनं.

इंग्रजीत या पुस्तकाचं नाव ‘आय अँड दाऊ’ झालं आणि तिथंच थोडा घोटाळा झाला. ‘दाऊ’ हा इंग्रजीत आता फक्त जुन्या प्रार्थनांत उरलेला शब्द आहे. जर्मन ‘डू’ तसा नाही. तो आई लेकराला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, आणि देवालाही तोच म्हटला जातो. आपल्या ‘तू’सारखाच. जर्मनमध्ये मानाचा ‘झी’ वेगळा, जसा आपला ‘तुम्ही’. सुपेल्यात तर एका सकाळी हे सगळे थर ऐकू येतात: घरात मराठी ‘तू’, शेजारच्या आजीचं छत्तीसगढी ‘तैं’, दुकानात हिंदी ‘आप’. कोणत्या शब्दानं हाक मारायची हे ठरवताना आपण नातं ठरवत असतो, हे इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. आणि विठ्ठलाला आपण सहसा ‘तुम्ही’ म्हणत नाही. ज्यू प्रार्थनांतही हिब्रूत देवाला एकवचनी ‘अत्ता’, म्हणजे ‘तू’, म्हणतात. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या पेणकर, नवगावकर घरांतून वल्हांडणाच्या सणाला त्या प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेल्या. त्यांच्यासाठी मराठी अर्थासह छापलेली हग्गादा, म्हणजे त्या सणाची पोथी, १८७४ साली पुण्यात निघाली होती. ‘तू’ म्हणण्याची ज्यू रीत आणि मराठी रीत एकमेकींना तेव्हापासून ओळखतात.

बूबर यांचं म्हणणं असं. माणूस जगाशी दोन प्रकारे बोलतो. एक ‘मी-ते’ आणि दुसरा ‘मी-तू’. ‘मी-ते’मध्ये समोरचं मोजायचं, वापरायचं, वर्णन करायचं असतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात शिफ्टला जाणारा माणूस गेटपासवरचा एक नंबर असतो, हजेरीतली एक ओळ असतो. त्याशिवाय कारखाना चालणार नाही, आणि बूबर यांचा त्याला विरोध नाही. ‘ते’ नसेल तर माणूस जगूच शकत नाही, पण जो फक्त ‘ते’ घेऊन जगतो तो माणूस राहत नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. ‘मी-तू’मध्ये समोरचा नंबर नसतो, गुणांची यादीही नसते. तो पूर्ण असतो आणि मीही पूर्ण असतो. कडुनिंबाचं झाडसुद्धा असं समोर येऊ शकतं. त्याची जात, उंची, लाकडाचा भाव हे काही विसरावं लागत नाही, पण ते सगळं मिळून एक होतं आणि आपल्याशी नातं जोडतं.

यातला सगळ्यांत नाजूक भाग असा की दोन्हींतला ‘मी’ वेगळा असतो. आधी एक तयार ‘मी’ असतो आणि तो कधी ‘तू’ म्हणतो, कधी ‘ते’ म्हणतो, असं नाही. ‘तू’ म्हणतानाच तो ‘मी’ होतो. आणि प्रत्येक ‘तू’ पुन्हा ‘ते’ होणार, हे अटळ आहे. प्रेमाचं माणूससुद्धा दुपारी औषधाच्या वेळापत्रकातली एक नोंद होतं. बूबर त्याला दोष म्हणत नाहीत, आपल्या नशिबाचं दुःख म्हणतात. एकच ‘तू’ असा आहे जो कधीच ‘ते’ होऊ शकत नाही. तो देव. त्याच्याविषयी बोलता येत नाही, त्याच्याशीच बोलता येतं. आणि प्रत्येक खऱ्या ‘तू’मधून निघालेली रेघ पुढं वाढवली तर त्याच्यापाशी जाते.

भारतीय वाचकाला इथं एक जागा अडते, आणि तिथं थांबायला हवं. बूबर यांनी उपनिषदं आणि बुद्ध वाचले होते, आदरानं वाचले होते, आणि त्याच पुस्तकात त्यांनी अद्वैताला नकार दिला. मी आणि तू विरघळून एक झाले तर ‘तू’ म्हणायला उरलं कोण? त्यांच्या मते सत्य माझ्या आत नाही, तुझ्या आतही नाही, ते आपल्या दोघांच्या मधल्या जागेत आहे. ज्ञानदेवांच्या अद्वैतात वाढलेल्या आपल्याला हे परकं वाटेल. पण वारकऱ्यांचं मन पाहा. मोक्ष नको, पुन्हा जन्म दे आणि भेट दे, हे मागणं तुकोबांच्या अभंगांतून पुन्हा पुन्हा येतं. पायी चालत पंढरपूर गाठायचं ते एकरूप होऊन नाहीसं होण्यासाठी नव्हे, तर समोर उभं राहण्यासाठी. तिथं बूबर आपले वाटतात.

१९२५ पासून बूबर आणि ज्यू तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेन्झवाइग हे दोघं हिब्रू बायबल जर्मनमध्ये आणत होते. रोझेन्झवाइग यांना असाध्य आजार होता. शरीर लुळं पडत गेलं, वाचा गेली, तरी काम चालू राहिलं. १९२९ मध्ये ते गेले आणि बूबर यांनी एकट्यानं ते काम १९६१ मध्ये पुरं केलं. तोवर ज्यांच्यासाठी ते भाषांतर करायला घेतलं होतं, तो जर्मन ज्यू समाज उरला नव्हता.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बूबर फ्रँकफर्ट विद्यापीठातून बाहेर पडले आणि शाळा-कॉलेजांतून हाकललेल्या ज्यूंसाठी प्रौढ शिक्षणाचं काम उभारू लागले. १९३५ मध्ये त्यांच्या जाहीर व्याख्यानांवर बंदी आली. १९३८ च्या मार्चमध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते जेरुसलेमला गेले आणि हिब्रू विद्यापीठात शिकवू लागले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत शेकडो सिनेगॉग जाळले गेले, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून दाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेन इथल्या छळछावण्यांत टाकलं. हेपेनहाइममधलं बूबर यांचं घरही फोडलं गेलं.

तिसरी चुकामूक गांधीजींशी झाली, त्यासाठी आता वर्ध्याकडे येऊ. त्या वेळी दुर्ग आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांत आणि वऱ्हाड या एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. सुपेला तेव्हा दुर्ग जिल्ह्यातलं एक खेडं होतं. १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याहून निघालेल्या हरिजन दौऱ्यात गांधीजी दुर्ग आणि रायपूरला येऊन गेले होते. १९३६ पासून ते वर्ध्याजवळच्या सेगावला राहत होते. सेगाव आणि बुलढाण्यातलं शेगाव यांच्या नावांत टपालाचा सतत गोंधळ होई, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. पत्रांची चुकामूक त्या गावाच्या नावातच होती.

याच सेगावात गांधीजींनी ज्यूंवर लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये छापून आला. ज्यूंबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मची ११०० एकर जमीन ज्यानं दिली तो हर्मन कालेनबाख त्यांचा जिवाभावाचा ज्यू मित्र होता, आणि १९३९ च्या सुरुवातीला तो त्यांना भेटायला भारतात आलाही होता. ख्रिस्ती जगानं ज्यूंना अस्पृश्यांसारखं वागवलं, असं गांधीजींनी लिहिलं. पण मग दोन गोष्टी सांगितल्या. पॅलेस्टाइन अरबांचं आहे, तिथं ज्यूंनी ब्रिटिश संगिनींच्या आडोशानं शिरू नये. आणि जर्मनीतल्या ज्यूंनी तिथंच राहून सत्याग्रह करावा, मरण आलं तर हसतमुखानं स्वीकारावं. त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचं उदाहरण दिलं.

बूबर गांधींचे जुने चाहते होते. १९३० मध्ये त्यांनी गांधी आणि राजकारण यांवर निबंध लिहिला होता. म्हणून हा लेख त्यांना जास्त लागला. २४ फेब्रुवारी १९३९ ही तारीख घालून त्यांनी गांधींना लांब पत्र लिहिलं. मध्ये मध्ये दिवसच्या दिवस थांबून, आपण स्वार्थापोटी काही वेडंवाकडं लिहीत नाही ना, हे तपासत लिहिलं. हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख जुडा मॅग्नेस यांनीही एक पत्र लिहिलं आणि दोन्ही पत्रं मार्चमध्ये रवाना झाली.

पत्राचा पहिला मुद्दा आजही अंगावर येतो. छळछावणी म्हणजे काय हे महात्म्याला ठाऊक आहे का, असं बूबर विचारतात. दक्षिण आफ्रिकेतल्या दीड लाख हिंदी लोकांच्या पाठीशी भारत नावाची आई उभी होती. ज्यूंच्या मागं कोण आहे? आणि सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. धारासणेला मे १९३० मध्ये सत्याग्रहींच्या डोक्यांवर लाठ्या पडल्या, तेव्हा वेब मिलर हा अमेरिकी पत्रकार तिथं होता आणि ती बातमी जगभर छापली गेली. हे उदाहरण माझं, पण बूबर यांचा मुद्दा हाच आहे. बुखेनवाल्डच्या कुंपणाआड मेलेल्याचं हौतात्म्य कुणाला दिसणार? ज्याला समोरचा माणूसच वाटत नाही, त्याच्यापुढं आत्मक्लेश करून त्याचं हृदय कसं पालटणार? ‘मी-तू’च्या भाषेत सांगायचं तर सत्याग्रह हा शत्रूला ‘तू’ म्हणण्याचा मार्ग आहे, आणि नाझी राजवटीनं कान कापूनच ठेवले होते.

जमिनीबद्दल बूबर यांनी गांधींचं अर्धं म्हणणं मान्य केलं. अरबांचा हक्क त्यांनी नाकारला नाही. दोन हक्क समोरासमोर आहेत आणि कुठल्याही तराजूत त्यांतला एक खरा, एक खोटा असं तोलता येणार नाही, असं ते म्हणाले. जमीन अखेर कुणाचीच नसते, ती देवानं हाती दिलेली असते, आणि ती घेऊन माणूस काय करतो हे तो पाहत असतो. म्हणून दोन्ही लोकांनी एकत्र राहण्याची वाट काढायची. बळाबद्दलही ते प्रामाणिक राहिले. ते त्यांना नको होतं, पण दुष्टपणा थोपवायला दुसरं काहीच उरलं नाही तर ते वापरावं लागेल, असं त्यांनी गांधींना स्पष्ट कळवलं.

गांधींचं उत्तर आलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते राजकोटला उपोषणाला बसले होते, इकडे त्रिपुरी काँग्रेसचा वाद पेटला होता. पत्र त्यांच्या हाती पडलं याचा पुरावा मिळत नाही. ‘ज्युइश फ्रंटियर’ या अमेरिकी मासिकातल्या टीकेला त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात ‘हरिजन’मधून उत्तर दिलं, तेव्हा टीका ऐकायला ते तयार होते हे नक्की. बूबर आणि गांधी यांची भेट राहिली ती राहिलीच.

माझं मत मी लपवत नाही. गांधींवरच्या माझ्या श्रद्धेला त्यानं धक्का लागत नाही, पण जर्मनीतल्या ज्यूंच्या प्रश्नावर गांधी चुकले आणि बूबर बरोबर होते. अहिंसेची ताकद कुठं संपते हे अहिंसेच्या विरोधकांनी नाही, तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसानं दाखवलं, म्हणून ते पत्र मोलाचं आहे. आणि पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर दोघांचाही इशारा पुढच्या काळानं ऐकला नाही. ज्यू आणि अरब यांचं समान हक्कांचं एकच राज्य व्हावं म्हणून बूबर आणि मॅग्नेस यांनी १९४२ मध्ये ‘इहुद’ म्हणजे ‘ऐक्य’ नावाचा गट काढला. त्यांच्या बाजूनं मूठभर लोक होते. १९४८ मध्ये इस्राएल झालं, युद्ध झालं, लाखो अरब बेघर झाले. बूबर त्याच देशाचे नागरिक म्हणून राहिले आणि तिथल्या अरबांवरच्या लष्करी अमलाविरुद्ध बोलत राहिले. नाझी अधिकारी आइखमनला फाशी देऊ नका, असंही त्यांनी पंतप्रधान बेन-गुरियन यांना सांगितलं. ते ऐकलं गेलं नाही.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड १९६१ मध्ये विमान अपघातात गेले, तेव्हा ते ‘इश उंड डू’चा स्वीडिश अनुवाद करत होते. बूबर १३ जून १९६५ रोजी जेरुसलेममध्ये वारले. अंत्यविधीला अरब विद्यार्थ्यांनी पुष्पचक्र वाहिलं.

भिलाईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीनं पुढं वर्ध्याला उतरलात, तर सेवाग्रामच्या बापूकुटीत जरूर जा. जाण्याआधी दोन मजकूर वाचा: गांधीजींचा २६ नोव्हेंबर १९३८ चा लेख आणि बूबर यांचं २४ फेब्रुवारी १९३९ चं पत्र. त्याच क्रमानं वाचा, एका बैठकीत वाचा. आधी गांधींचं पूर्ण ऐकून घ्या, आणि मगच बूबर यांच्याकडे वळा.